कुशाबाईचा बिनकाठीचा बाण

शिरूरला आम्ही तेव्हा घोडनदीच म्हणायचो. गावाची शेवटची घरं मागे टाकून नदीच्या पात्राकडे उतरलं, की दोन शेतांपलीकडे एक पत्र्याची खोली लागायची. शेजारी घर नाही, गंजी नाही, आणि आत चूल तर नाहीच. ती कुशाबाईची कामाची जागा. तिचं काम दारूचं, म्हणजे शोभेच्या दारूचं. जत्रेत रात्री आभाळात चढून फुटणारे बाण आणि जमिनीवर झाडासारखे फुलणारे नळे ती बनवायची. शिरूर, पारनेर आणि श्रीगोंदे, तीन तालुक्यांतल्या जत्रांचं दारूकाम तिच्याकडे असे.

हा धंदा तिच्या नवऱ्याचा, हौशीरामचा. सन पंचावन्नच्या चैत्रात एका गावच्या पुढाऱ्याने त्याला पितळी नळी आणून दिली. कागदाच्या नळीतला बाण काय, सगळेच उडवतात, आमच्या देवाचा बाण पितळेचा पाहिजे, असा त्याचा हट्ट. हौशीराम नको म्हणत होता, पण शेवटी त्याने तो भरला. पेटवल्यावर नळी जागीच फुटली. हौशीराम गेला. वीस पावलांवर उभ्या असलेल्या कुशाबाईच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. त्या वेळी ती तिशीची असेल. सहा महिन्यांनी परवाना तिच्या नावावर झाला आणि पुढच्या चैत्रात त्याच जत्रेत तिने कागदाचे बाण उडवले. बाईच्या हातची दारू नको, असं कुणीतरी म्हणालं होतं. बाण वर गेल्यावर ते बोलणं तिथंच थांबलं.

मी तिला पहिल्यांदा जवळून पाहिलं ते त्रेसष्टच्या डिसेंबरात. मी मिशनच्या कंपाउंडमध्ये राहणारी, नववीतली. आमचे विज्ञानाचे मास्तर याकोब रणभिसे रोज वर्गात वर्तमानपत्र घेऊन येत. केरळात, समुद्रकाठच्या एका कोळ्यांच्या गावातून आपल्या देशाचा पहिला अग्निबाण आभाळात सोडला गेला, ही बातमी त्यांनी आम्हाला चार वेळा वाचून दाखवली. संध्याकाळच्या आभाळात केशरी धूर पसरला होता म्हणे. चौथ्या वेळी वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, “आपण नुसतं वाचतच बसायचं का?”

दौंडच्या एका शाळेत त्यांचे एक मित्र शिकवत, मारुतराव काळभोर. दोघांनी पत्रं लिहून ठरवलं, की दोन्ही शाळांच्या मुलांनी आपापला अग्निबाण बनवायचा आणि फेब्रुवारीत दौंडला भीमेच्या वाळवंटात स्पर्धा घ्यायची. ज्याचा बाण जास्त उंच जाईल तो जिंकला. नळी, टोक आणि पंख मुलांनी करायचे. पण दारू? ती कोण भरणार? मास्तर आम्हा सहा जणांना घेऊन कुशाबाईकडे निघाले.

ती खोलीबाहेर उन्हात बसून खळीने कागद चिकटवत होती. ओलसर कागद लाकडी दांड्यावर गुंडाळायचा, हाताने दाबत दाबत पुढे न्यायचा, दांडा काढून घ्यायचा. डाव्या हाताची तीनच बोटं, पण नळी अशी सरळ उतरायची की जणू उसाचं पेर. मास्तरांनी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

“पोरांच्या हातात मी दारू देनार न्हाई, मास्तर.”

“द्यायची नाहीच, कुशाबाई. तुम्ही भरायची, तुम्हीच पेटवायची. मुलं लांब उभी राहतील.”

“लांब म्हंजी किती?”

“तुम्ही सांगाल तितकी.”

तेव्हा तिने हातातली नळी खाली ठेवली. मास्तरांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि बातमी पाचव्यांदा वाचली. केशरी धुराचा मजकूर आला तसं तिने विचारलं, “केशरी कशानं आला, लिवलंय का?”

“सोडियम नावाचा पदार्थ आहे. आपल्या खाण्याच्या मिठात असतो तो.”

“मग बराबर हाय,” ती म्हणाली. “मिठानं जाळ पिवळाच येतो. आमाला ठावं हाय त्ये.”

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. आमच्या पुस्तकात अकरावीला येणारी गोष्ट ती कागद चिकटवता चिकटवता सांगत होती. ती मात्र त्या वर्तमानपत्राकडे पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “येवढे शिकलेले लोक, त्येबी बाणच उडिवत्यात म्हना की.”

“बाणच,” मास्तर म्हणाले. “फक्त मोठा.”

“मग येते मी,” ती म्हणाली.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही नदीच्या पात्रात गेलो. कुशाबाईने जत्रेचा एक नेहमीचा बाण आणला होता, लांब काठी बांधलेला, फक्त टोकाची फुटणारी दारू न भरलेला. मास्तरांना आधी उंची मोजायची रीत बसवायची होती. त्यांनी लाकडी फळीवर मोठा कोनमापक चिकटवला होता, त्याच्या मधोमध दोऱ्याला दगड लोंबत होता. फळीच्या कडेवरून बाणाकडे नेम धरायचा, बाण सर्वांत वर पोचला की दोरा बोटाने दाबून धरायचा आणि अंश वाचायचे. बाणाच्या जागेपासून मोजून दोनशे फुटांवर मी एका बाजूला उभी राहिले, दुसऱ्या बाजूला दानिएल नावाचा आमच्याच वर्गातला मुलगा.

“भर उन्हात बाण कुनी उडिवतं व्हय?” असं म्हणत कुशाबाईने वात पेटवली आणि मागे न पळता, पण झपझप चालत, माझ्यापाशी आली.

बाण निघाला. रात्री जत्रेत आपण ठिणग्या पाहतो, आवाज ऐकतो आणि वर फुटला की “व्वा” म्हणतो. बाण स्वतः दिसत नाही. त्या दुपारी तो दिसला. पांढऱ्या धुराची एक रेघ निळ्या आभाळावर खालून वर ओढली गेली, अगदी सरळ. धूर संपला तरी बाण चढतच होता, काळ्या काडीएवढा. चढता चढता मंद झाला आणि मग थांबला. खरोखर थांबला. वर जाईना, खाली येईना. एक श्वास घेण्याइतका वेळ तो तिथे नुसता होता. मग टोक वळलं आणि तो खाली आला.

मी दोरा दाबायलाच विसरले असते. दाबला एवढंच. मागे वळून पाहिलं तर कुशाबाई डोळ्यांवर हात धरून अजून त्याच जागी पाहत होती.

“थांबला की गं,” ती मला म्हणाली. “वर जाऊन थांबतो त्यो. मला ठावंच नव्हतं.”

वाळूवर बसून मास्तरांनी चौकटीच्या कागदावर आकृती काढायला लावली. खालची रेघ दोनशे फूट, कोन चौपन्न अंश, आणि उभी रेघ मोजायची. दोन्ही बाजूंची सरासरी दोनशे पंच्याहत्तर फूट आली.

“म्हंजी किती?” कुशाबाईने विचारलं.

मास्तर फूट समजावू लागले, पण तिने मान हलवली. “परसात सांगा.” आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. एक परस म्हणजे हात वर करून उभा असलेला माणूस, पण हिशेबाला सहा फूट धरतात. मास्तरांनी भागाकार केला. “पंचेचाळीस परसांहून थोडं जास्त.”

आपल्या घरची विहीर सात परसांची, तेवढ्यात खाली वाकून पाहायचं तर काठ धरावा लागतो, असं ती म्हणाली. मग कागदावरची ती उभी रेघ तिने बोटाने खालून वरपर्यंत चाचपली. “हौशीरामच्या संगं पंधरा वर्सं आन् एकलीनं आठ वर्सं मी बाण सोडलं. कवा कुनी सांगितलंच न्हाई कुठवर जातंय.” तिने तो कागद मागून घेतला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घडी करून तिने तो कनवटीला लावला.

खरी अडचण पुढे होती. मास्तरांना काठीचा बाण नको होता. केरळातल्या अग्निबाणाला काठी नाही, मागे पंख आहेत, वर्तमानपत्रातल्या चित्रात तसंच होतं. कुशाबाईचं म्हणणं, काठी म्हणजे बाणाचं शेपूट, शेपटाविना तो सरळ जायचा नाही. शेवटी दोघांचंही खरं निघालं, पण आधी कुशाबाईचं. आमच्या पुठ्ठ्याचे पंख लावलेला पहिला बाण दोन विटांच्या आधाराने उभा केला, पेटवला, तो हातभर उडाला, आडवा झाला आणि वाळूवरून सापासारखा सळसळत नदीच्या डबक्यात शिरला. दुसरा उलटा होऊन जमिनीतच घुसला. तिसऱ्याने तर आमच्याच दिशेने तोंड केलं. पण कुशाबाईने सगळ्यांना बांधाआड बसवलं होतं, त्यामुळे तो वरून निघून गेला.

मास्तर हिरमुसले. पंख लहान झाले असतील, मोठे करून पाहू, म्हणाले. कुशाबाई विझलेला बाण हातात घेऊन फिरवत बसली होती.

“पंखांचं काय चुकलं न्हाई,” ती म्हणाली. “पंखाला वारा लागतो. वारा कवा लागंल? बाण जोरात जाईल तवा. आन् त्यो निघताना तर हळूच निघतोय. त्या येवढ्याशा वक्ताला त्येला धराया कुनी न्हाई. पोर चालाया लागतं तवा आपन पांगुळगाडा देतोच की.”

दोन दिवसांनी ती शाळेतच आली. हातात चार हात लांबीची सरळ लोखंडी सळई. आणि आमच्या बाणाच्या अंगावर तिने बोरूच्या दोन बारीक नळ्या चिकटवल्या होत्या, एक खाली, एक वर. सळई जमिनीत रोवायची आणि बोरूच्या त्या नळ्यांतून बाण सळईत ओवायचा. निघताना तो सळईला धरून चढणार, चार हात गेल्यावर सळई संपणार, पण तोवर त्याला वेग आलेला असणार आणि पंखांना वारा लागलेला असणार.

मास्तरांनी ते उपकरण हातात घेतलं, बाण वर-खाली सरकवून पाहिला आणि खुर्चीवर बसले. नंतर त्यांनी फळ्यावर त्याची आकृती काढली आणि खाली लिहिलं : कुशाबाईंची सळई. आम्ही सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

त्या शनिवारी बिनकाठीचा बाण उडाला. सळईवरून सुटताना ‘सूंऽऽ’ असा एकच आवाज आला, आणि मग तो असा गेला की मान मागे टाकेपर्यंत धुराची रेघच उरली होती. काठीचा बाण जरा डुलत जातो. हा डुलला नाही. याचं सगळं अंग वर जाण्यासाठीच होतं. दानिएल फळी धरायची सोडून उभा राहिला होता, म्हणून त्या दिवसाची उंची आम्हाला कळली नाही.

फेब्रुवारीत दौंडला जायचं ठरलं. आम्ही सहा जण आणि मास्तर एस.टी.ने निघालो, पण दारू एस.टी.त चढवता येत नाही. म्हणून कुशाबाई दोन दिवस आधीच गेणबाच्या बैलगाडीतून गेली. गेणबा तिच्या गल्लीतला भाजीवाला माळी. गाडीत भुश्शाचा थर, त्यात लाकडी पेटी, पेटीवर ओलं पोतं, आणि पेटीपासून हातभर अंतरावर स्वतः कुशाबाई. दोन दिवस गेणबाला तिने चिलीम ओढू दिली नाही. दौंडला पोचल्यावर तो आधी गाडीतून उतरला आणि पार लांब, रेल्वेच्या कुंपणापाशी जाऊन चिलीम पेटवून बसला.

दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. इंजिनं, धूर, शिट्ट्या. मारुतरावांच्या शाळेतली पुष्कळशी मुलं फिटर आणि ड्रायव्हरांची. त्यांचा बाण पाहून आमचं तोंड उतरलं. पत्र्याची नळी, झाळून जोडलेले पत्र्याचे पंख, टोकाला घासून गुळगुळीत केलेला शंकू, आणि सगळ्याला लाल रंग. आमचा बाण त्यापुढे लग्नातल्या रुखवतातला वाटत होता.

मारुतराव उंच, पांढरी टोपी, करडा आवाज. त्यांनी तो लाल बाण कुशाबाईपुढे ठेवला. “ही नळी भरून द्या.”

तिने तो उचलला. तीन बोटांनी नळीवरून हात फिरवला, झाळ पाहिली. मग परत खाली ठेवला.

“न्हाई भरायची मी.”

“का? मजबूत आहे. कागदापेक्षा दसपट.”

“म्हनूनच.”

मारुतरावांना ते कळलं नाही, किंवा कळायला नको होतं. भोवती मुलं उभी होती, त्यांनी महिनाभर खपून ते केलं होतं. “बाई, हे इंजिनाच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसांनी तपासलंय. तुम्हाला दारूचं कळतं, मान्य आहे. पत्र्याचं आम्हाला कळतं.”

याकोब मास्तर मध्ये पडायला निघाले, पण कुशाबाईने हाताने थांबवलं. तोच हात, दोन बोटं नसलेला. तिने तो तसाच मारुतरावांसमोर धरला.

“कागद फुटला तर कागूद उडतो, साहेब. पत्रा फुटला तर सुऱ्या उडत्यात. माझा मालक असल्याच नळीनं गेला. त्येबी लई मजबूत हुती.”

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मग ती त्या मुलांकडे वळली, आवाज उतरला. “तुमी केलंय झ्याक. पन मी सांगते म्हनून ऐकू नगा. डोळ्यानं बगा.”

नदीच्या पात्रात तिने गेणबाकडून कमरेएवढा खड्डा खणून घेतला. लाल नळीत तिने नेहमीच्या निम्मीच दारू भरली, खड्ड्यात उभी केली, लांबलचक वात सोडली आणि सगळ्यांना, मारुतरावांसकट, शंभर पावलांवरच्या उंच काठामागे झोपवलं. स्वतः वात पेटवून आली आणि आमच्या शेजारी पालथी पडली.

आवाज असा झाला की पुलावरची कबुतरं उडाली. वाळूचा लोट वर गेला आणि हळूहळू खाली बसला. ती उठू देईना. बऱ्याच वेळाने, स्वतः जाऊन पाहून आल्यावरच तिने आम्हाला बोलावलं. खड्डा दुप्पट झाला होता. तीस पावलांवर एक बाभूळ होती, तिच्या खोडात वीतभर लाल पत्रा रुतून बसला होता. मारुतरावांनी तो उपटून पाहिला. निघाला नाही.

त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं. “स्पर्धा परवा घेऊ,” म्हणाले. “ही मुलं नव्यानं करतील. तुम्ही शिकवाल का, बाई?”

आमच्यातल्या काहींना ते पसंत पडलं नाही. आमचा बाण तयार होता, त्यांचा नव्हता, मग आम्हीच जिंकलो की. दानिएल तसं बोललासुद्धा. कुशाबाईने ते ऐकलं. ती दौंडच्या मुलांना घेऊन शाळेच्या अंगणात खळ शिजवायला बसली होती, आणि तिने दानिएललाच हाक मारली. “तू ये. तुला नळी वळाया येती. दाव ह्यांना.”

ते दोन दिवस मला अजून लख्ख आठवतात. कागद कुठला आणायचा, तर रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांचे जाड तक्ते एका मुलाच्या वडिलांनी आणून दिले. त्यामुळे दौंडच्या बाणावर उलटसुलट गाड्यांच्या वेळा छापलेल्या होत्या. फिटरच्या मुलांचे हात पत्र्यावर बसलेले, त्यांनी पुठ्ठ्याचे पंख असे काटेकोर कापले आणि असे समसमान चिकटवले की आमचे आम्हालाच वाकडे दिसू लागले. टोकाचा शंकू त्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा घासला. रविवारी आम्ही तिथल्या ख्रिस्ती देवळात उपासनेला गेलो तेव्हा अंगणात ओळीने नळ्या वाळत होत्या आणि कुशाबाई त्यांना ऊन सारखं लागावं म्हणून घटकेघटकेने फिरवत होती. दारूच्या खोलीत मात्र तिने कुणालाही येऊ दिलं नाही. शाळेपासून दूर, एका रिकाम्या गोठ्यात ती एकटीच दोन्ही शाळांचे बाण भरत होती. लाकडी ठोकणीचे हलके, सारखे ठोके तेवढे ऐकू यायचे.

सोमवारी भीमेच्या वाळवंटात अर्धं दौंड लोटलं होतं. ड्युटीवरून सुटलेले ड्रायव्हर काळ्या कपड्यांतच आले, बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या, शेतकरी बैल सोडून आले. मारुतरावांनी दोरी बांधून सगळ्यांना लांब ठेवलं होतं, आणि त्या दोरीच्या आत फक्त एक बाई होती, हिरव्या लुगड्याचा काष्टा घातलेली, वाळूत सळई रोवत असलेली.

आधी आमचा बाण. तो छान गेला. माझ्या फळीवर बासष्ट अंश, दानिएलच्या फळीवर त्रेसष्ट. मास्तरांनी आकडा मोठ्याने सांगितला, तीनशे चौऱ्याऐंशी फूट. लोकांमधून एक लांब हुंकार आला. बाण किती उंच जातो, याचा आकडा कुणी ऐकला नव्हता आजवर.

मग दौंडचा. कुशाबाईने तो सळईत ओवला, बोट लावून एकदा गोल फिरवून पाहिला, वात पेटवली आणि मागे आली. तो निघाला तेव्हा आवाज कमी झाला, असं वाटलं. सरळ, इतका सरळ की मला वाटलं माझी फळीच हलली. धूर संपला. एवढासा पांढरा ठिपका चढत राहिला. पुलावरून एक मालगाडी चालली होती, तिच्या मागच्या डब्यातला गार्ड बाहेर वाकून आभाळाकडे पाहत होता. ठिपका थांबला. हजार माणसं, आणि त्या क्षणी नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

साडेचौसष्ट अंश. चारशे वीस फूट. मी दोनदा वाचला आकडा, खोटा निघावा असं वाटत होतं म्हणून, आणि खरा निघाला तेव्हा वाईट वाटलं नाही, याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

“सत्तर परस,” मी कुशाबाईला सांगितलं. हा भागाकार मी आता तोंडी करत होते.

“सत्तर,” ती म्हणाली. दौंडची मुलं नाचत तिच्याकडे धावत आली, तिच्या पाया पडू लागली, आणि ती लाजून पदर तोंडाला लावून उभी राहिली. आपण हरलो, असं दानिएलने तिला कुरकुरत सांगितलं. “मी कुठं हरले?” ती म्हणाली. “दोनीत दारू माजीच हुती की.”

ती स्पर्धा पुढे चार वर्षं झाली, आलटून पालटून शिरूरला आणि दौंडला. यवतची शाळा आली, नंतर आणखी दोन. दर वर्षी बाण कुशाबाईच भरायची आणि तीच पेटवायची. पेटवणाऱ्याशिवाय कुणीही शंभर पावलांच्या आत नाही, हा तिचा नियम शाळांच्या पत्रकात छापला जाऊ लागला. लाल बाण करणाऱ्या मुलांपैकी एक पुढे विमानांच्या कारखान्यात लागला. मी पुण्याला कॉलेजात गणित घेतलं. मला कुणी विचारलं, गणितच का, तर त्या उभ्या रेघेचं मला नीट सांगता यायचं नाही.

एकोणसत्तरच्या जुलैत मी चार दिवसांची सुटी काढून घरी आले होते. त्या दिवशी सकाळी याकोब मास्तरांच्या ओसरीवर रेडिओभोवती सगळं कंपाउंड जमलं होतं. चंद्रावर माणूस उतरला होता. मला राहवलं नाही, मी तशीच नदीकडच्या वाटेने निघाले. कुशाबाई खोलीबाहेर बोरूच्या नळ्या कापत होती. केस बरेच पिकले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. दोघं उतरले, चालले, अजून तिथंच आहेत.

तिने सुरी खाली ठेवली. दिवसा चंद्र नव्हता, तरी तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“उतरले, ठीक झालं,” ती म्हणाली. “पन पोरी, तिथनं निघताना बाण पेटिवनार कोन?”

वर्गात, कॉलेजात, वर्तमानपत्रात, कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. “तेच पेटवणार, मावशी. आत बसून.”

“आत बसून?”

“हो.”

“म्हंजी दारू खाली, आन् ह्ये वर बसलेले.”

मी मान हलवली. तिने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा आभाळाकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, आणि भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी होतं, ज्याला मला नाव देता येत नाही. तिने कापलेल्या नळ्या गोळा केल्या, खोलीला कुलूप घातलं आणि माझ्याबरोबर चालू लागली.

मास्तरांच्या ओसरीवर ती दिवसभर बसली. कुणीतरी चहा दिला, तो निवला. संध्याकाळच्या बातम्यांत ते अजून चंद्रावरच होते. मास्तर म्हणाले, निघायची वेळ मध्यरात्रीच्या आसपास आहे, तुम्ही घरी जा, सकाळी या. ती गेली, आणि सकाळी बातम्या लागायच्या आधीच, अंगणात सडा पडत असताना, येऊन पायरीवर बसली.

बातमी आली. चंद्रावरून ते दोघं निघाले, वर यानात थांबलेल्या तिसऱ्याला जाऊन मिळाले, परतीच्या तयारीला लागले. मास्तरांनी रेडिओचा आवाज वाढवला.

“सरळ गेला का बाण?” कुशाबाईने विचारलं.

“सरळ गेला,” मास्तर म्हणाले.

तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, कुणाला ते मला कळलं नाही, आणि पायरीवरच बसून राहिली.